तिया

ऑक्टोबरात मारादीच्या बाजारात
चवळीचं पेव फुटतं.
पाचशे फ्रँकला एक तिया.
तिया म्हणजे पत्र्याचं वाडगं, तिथलं मापटं.
व्यापारी घेताना त्याच्या बुडाला आतून ठोकतो,
देताना बाहेरून.
एकाच वाडग्याला दोन पोटं.
मी नोंदवही घेऊन उभा, रोज भाव लिहितो;
पोच्यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

मे महिन्यात तीच चवळी अकराशेला.
जिनं पाचशेला विकली
तीच अकराशेला घ्यायला येते,
वाळूतून, डोक्यावर रिकामं टोपलं.
का विकलीस, असं विचारावं तर ती
मूठ उघडून दाखवते:
दाण्यादाण्याला भोक, भोकातून भुंगेरा.
ठेवून करते काय? पीठ?

म्हणून आम्ही पिशव्या आणल्या.
एकात एक तीन. आतल्या दोन प्लास्टिकच्या,
वरची विणलेली, जाडीभरडी.
हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ द्यायचा,
दुमडायचं, सुतळीनं गळा आवळायचा.
भुंगेरे आत राहिले तरी राहू देत.
ते श्वास घेतात, घेतात,
आणि होता नव्हता तेवढा ऑक्सिजन संपवतात.
प्रयोगशाळेतली बाई सांगायची,
किडा गुदमरून मरत नाही;
त्याचं पाणी त्याच्या श्वासातून बनतं,
श्वास थांबला की तो तहानेनं मरतो.
हे मी गावात सांगितलं तेव्हा
म्हातारे सांदा चटईवरून म्हणाले,
तहानेनं? मग आमच्यातलाच की.
कोणी हसलं नाही.

देलू मागे बसली होती, मांडीवर नातू.
तिनं एकच विचारलं:
सगळ्यांनीच तोंडं बांधली
तर सगळ्यांची एकदमच सुटतील.
मग भाव कसला?
मी म्हटलं, एक गाव केवढं, बाजार केवढा.
ती म्हणाली, गाव जागचं हलत नाही,
पिशवी हलते.
मी ते लिहून घेतलं नाही.

चौथ्या वर्षीचा मे.
हरमत्तानची धूळ कधीच बसली होती,
उन्हानं वाडग्यांना हात लावू देत नव्हतं.
भाव: सातशे ऐंशी.
देलू तीन पिशव्या गाढवावर घालून आलेली,
माझ्यासमोर उभी राहिली,
बोलली काहीच नाही.
माझ्या आलेखावर जिथं दरवर्षी डोंगर असायचा
तिथं एक टेकाड होतं,
आणि नियामेहून फोन आला होता,
की छान, अगदी हवं तसंच.

देलूनं गाढवाच्या कानामागची गोचीड काढली.
मग हिशेब केला, बोटांच्या पेरांवर, मोठ्यानं:
पिशवी हजाराची, तीन वर्षं चालली,
मुलाचा ताप, बियाणं, शाळेचं काय ते;
अकराशे धरून केलेला बेत
सातशे ऐंशीत बसवताना
दोनदा चुकली, दोनदा नव्यानं मोजलं.
तेवढ्यात हब्सू आली, तिची धाकटी बहीण,
जिच्या नावावर एक वाफाही नाही,
जी जन्मभर तियानंच विकत घेत आली.
या वर्षी तिची शेळी अजून दारात होती.
तिला ते सांगायचंही सुचलं नाही,
तिनं फक्त टोपलं पुढं केलं.

देलू बाजारभावावर चिडलेली, माझ्यावर तर फारच.
तरी वाडगं घेतलं,
अंगठ्यानं बुडाचा पोचा चाचपला,
आतून एक ठोका दिला,
आणि शीग लावली, ओघळेपर्यंत.
पैसे पुरे घेतले. बहीण असली म्हणून काय.

दोन पिशव्या तिनं परत नेल्या.
जूनपर्यंत बघू, म्हणाली, पाऊस लांबला तर.
रिकामी झालेली तिसरी
तिनं माझ्या हातात दिली, एक टोक धर म्हणून,
तिच्यात हवा भरली, तोंड मुठीत आवळलं,
आणि फुगलेलं प्लास्टिक गालाला लावून
सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवलं,
कुठून सुईएवढा वारा येतोय का ते बघत.
तळाशी एकदा थांबली.
चिकटपट्टी आहे का रे, तिनं विचारलं.
मी खिसे चाचपू लागलो.